समुद्र ओलांडला तर एक डाव गप्प

नाना,

देवघराच्या दाराला आज कडी आहे. सुतकात मूर्तीला हात लावता येत नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर बसून, जो आतही आहे आणि बाहेरही आहे, ज्याला सोयर नाही आणि सुतकही नाही, त्या नारायणाला मनोमन नमस्कार करतो. त्याच्या कृपेने हे शब्द सरळ उतरावेत, रागाने वाकडे होऊ नयेत, एवढेच मागतो आणि मग विषय सांगतो. दादा गेला. जाण्याच्या थोडे दिवस आधी, तुमच्या तिथीला, त्याने तुमचे श्राद्ध केले. शेवटच्या आजारात तुम्ही मला उशाशी बोलावून सांगितले होते, "समुद्र ओलांडलेल्या हातचा पिंड मला नको." तो शब्द मी आयुष्यभर पाळला आणि यंदा मोडला. तो का मोडला हे तुम्हाला सांगेल असा आता माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही.

आरंभ त्या पेटीपासून करायला हवा. बंदराच्या कचेरीतून निवृत्त होऊन आपल्या मुलखाला निघालेल्या एका अधिकाऱ्याच्या घरी तुम्ही ग्रहशांत केली होती, आणि सामानाची बांधाबांध करता करता त्याने दक्षिणेबरोबर ती पेटी तुमच्या हाती ठेवली, 'मुलांना खेळायला' म्हणून. झाकणावर शिडांचे जहाज होते. आत एक मोठी निळी फळी, तिच्यावर देशांच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या, आणि देश मात्र निराळे, लाकडाचे तुकडे होऊन एका कापडी पिशवीत भरलेले. प्रत्येक खेळणाऱ्याला शिशाचे एक चिमुकले जहाज. फासा टाकायचा, निळ्यावर आखलेल्या ठिपक्यांच्या वाटेने जहाज हाकायचे, बंदराला लागले की गठ्ठ्यातला एक पत्ता उचलायचा. पत्त्यावरच्या प्रश्नाचे उत्तर आले तर त्या मुलखाचा तुकडा आपला, तो आपण त्याच्या खाचेत बसवायचा. ज्याने अधिक पृथ्वी भरली तो जिंकला. तुम्हाला इंग्रजी येत नव्हते, म्हणून नियम दादाने वाचून सांगितले. तुम्ही पिशवी हातावर तोलून म्हणालात, "पृथ्वी कापलेली आहे, हे लक्षण काही चांगले नाही. पण लाकूड सागवानी आहे." मग पळीभर पाणी शिंपडून पेटी शुद्ध केलीत आणि माजघरात घेतलीत.

पहिल्याच संध्याकाळी दादाचे जहाज आफ्रिकेला लागले आणि तुम्ही फासा मुठीत धरून ठेवला. "थांब. समुद्र ओलांडलास. आता आचमन कर आणि एक डाव गप्प बस."

"असा नियम यात नाही, नाना."

"यात नसेल. आपल्यात आहे."

"अहो, खेळ आहे तो," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली.

"खेळ आहे म्हणून एकच डाव," तुम्ही म्हणालात.

दादाने निमूट आचमन केले, पण त्याचे डोके स्वस्थ बसणारे नव्हते. "लंकेला गेलो तर?" त्याने विचारले. तुम्ही म्हणालात, "लंकेला सेतू आहे. लंका चालेल." "पण मारुतीराय सेतूच्या आधीच गेले. त्यांनी कुठे डाव चुकवला?" "ते उडून गेले. पाण्याला शिवले नाहीत." "मग माझेही जहाज उडते." "उडव की. ज्या दिवशी शेपूट फुटेल त्या दिवशी उडव." आई पदर तोंडाला लावून हसली आणि तुम्हीही हसलात. तुमचे हसणे मला फार थोड्या वेळा आठवते, त्यांतली ही एक वेळ. तुमचे स्वतःचे जहाज कधीच खोल पाण्यात गेले नाही. ते द्वारकेपासून काठाकाठाने खाली कन्याकुमारीपर्यंत आणि तिथून वर जगन्नाथपुरीपर्यंत यात्रा करीत हिंडे. भारतवर्षाचा तुकडा मिळाला की तो मस्तकाला लावून तुम्ही खाचेत बसवत असा, आणि तेवढ्यावर तृप्त होऊन हरत असा. दादा मात्र प्रत्येक वेळी पलीकडे जाई, प्रत्येक वेळी एक डाव गप्प बसे, आणि तरीही सगळ्यांत अधिक पृथ्वी त्याचीच भरे. त्याचा चुकलेला डाव सरला की तुम्ही म्हणत असा, "झालास शुद्ध. टाक फासा." हे वाक्य पुढे सबंध आयुष्य मी तुमच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकण्याची वाट पाहिली.

त्याला जहाजावर नोकरी लागली तेव्हा तुम्ही त्याला अडवले नाहीत. बोलणेच थांबवलेत. आईने हातावर दही घातले, उरणला आजोळी निरोप घेऊन तो मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने मुंबईला गेला आणि तिथून समुद्रावर. तो परत आला तो दिवस मला आजही समोर दिसतो. सकाळची वेळ आहे. अंगणात त्याची पत्र्याची ट्रंक आहे, हातात बसऱ्याहून तुमच्या एकादशीसाठी आणलेल्या खजुराची करंडी आहे. आईने आत पाने घेतली आहेत. ओसरीवर एक पाट निराळा मांडलेला आहे, आणि तुम्ही दारात उभे आहात.

"प्रायश्चित्त घे आणि मग आत ये."

"किती डाव?" त्याने विचारले. तो अजून हसत होता.

"हा खेळ नाही."

"खेळ नाही, मग नियम खेळातलाच कसा?"

त्याचे हसू उतरताना मी पाहिले. तो म्हणाला, "पाप केले असते तर घेतले असते, नाना. इंजिनाला तेल घालणे हे पाप कोणत्या स्मृतीत लिहिले आहे ते दाखवा, मी शेण खातो." तुम्ही पंचपात्र उचलून आत गेलात. आईने आणलेले तांब्याभर पाणी तो उभ्यानेच प्यायला, तांब्या त्या पाटावर उपडा ठेवला आणि ट्रंक घेऊन निघून गेला. खजुराची करंडी ओसरीवरच राहिली, तिला मुंग्या लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी आईने ती तुमच्या दृष्टीआड उकिरड्यावर टाकली.

नाना, हे तुम्हाला कधी कोणी म्हटले नसेल, पण त्या काळच्या पनवेलीतही लोक या गोष्टीला हसले. शेजारच्या वकिलांचा मुलगा विलायतेहून येऊन पंगतीत बसत होता आणि त्या पंगतीत मंत्र तुम्हीच म्हणत होता. आईने एकदा धीर करून ते बोलून दाखवले. तुम्ही म्हणालात, "यजमानाचा धर्म यजमान बघेल. माझ्या घरचा मला बघायचा आहे." तुम्ही कपटी नव्हता, हे मी जाणतो. ज्या गोष्टीत दुसऱ्याला सूट देत होता त्या गोष्टीत स्वतःला सूट न देणे याला तुम्ही निष्ठा म्हणत होता. दुर्दैव इतकेच की त्या निष्ठेची किंमत तुम्ही स्वतःच्या अंगातून न देता त्याच्या अंगातून दिलीत.

तुम्ही गेलात तेव्हा तो कुठल्या पाण्यावर होता कोण जाणे. त्याला कळायला महिने लागले. अग्नी मी दिला, पुढे दरवर्षी पिंडही मी दिले. त्याने लग्न केले नाही. उतारवयात उलव्याला घर घेतले, गॅलरीतून खाडी दिसते म्हणून. मग समोर इमारती उठल्या आणि खाडी दिसेनाशी झाली. आपले घर पाडून तिथे मजले चढले, ओसरी गेली, तिच्या जागी लिफ्ट आली. तरी तो वर कधी आला नाही. पनवेलीत आला की खाली रस्त्यावर उभा राहून मला फोन करी, "उतर खाली." मी उतरत असे. आम्ही चहाच्या दुकानाच्या बाकावर बसून तास तास बोलत असू, आणि वर माझ्या घरात त्याच्यासाठी कढत ठेवलेले दूध निवून जाई.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. घास उतरेना, मग पाणीही उतरेना, शेवटी नाकातून नळी घातली आणि त्या नळीतून पातळ पेज जाऊ लागली. त्याच्याकडे दिवसभर थांबायला जवळच्याच गावातली एक बाई येत असे. त्याचा वेळ जावा म्हणून मी माळ्यावरची ती पेटी काढून उलव्याला नेली. तुकड्यांना कीड लागली होती, समुद्राचा निळा रंग पोपडे धरून उडाला होता. आम्ही दोघे म्हातारे पलंगावर फळी ठेवून खेळत असू, वरून विमाने उतरत असत, आणि दादा पूर्वीसारखाच पहिल्या फाशाला पलीकडे जाई. नवल असे की पलीकडे गेला की न सांगता, खरोखर, एक डाव गप्प बसे. त्या बाईला हा नियम ठाऊक नव्हता. एक दिवस तिने नळी धुता धुता मला झाडले. "काका, यांचा डाव तुमी का खाताव? मानूस आजारी हाय, तरी तुमी सोरत नाय!"

"खाऊ दे गं," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लहानपणापासून खातोय. नानांचं श्राद्ध करायचं थोरल्यानं. ते तरी कोण करतंय?"

मी हातातला फासा खाली ठेवला. तो माझ्याकडे न बघता हातातला लाकडाचा तुकडा खाचेत बसवत होता. "यंदा मी करतो," तो म्हणाला. "पुढच्या तिथीला मी नसणार, हे डॉक्टरांनी तुला सांगितलंय आणि तू माझ्यापासून लपवतोयस. यंदा मी करतो."

मी मधला मार्ग काढू लागलो. शास्त्र शिकलेल्या माणसाला ती खोड असते. म्हटले, नुसता संकल्प सोडून नावापुरते प्रायश्चित्त घेऊ, कोणाला कळणारही नाही. तो म्हणाला, "त्यांच्या खेळात सुद्धा एकच डाव होता रे. मी किती डाव बसलो ते मोज आणि मला सांग, कधी होतो शुद्ध?" मी म्हटले, मग पिंड मी देतो, तू माझ्या हाताला हात लाव, हात लावणाऱ्यालाही कर्माचा वाटा मिळतो. यावर तो इतका हसला की नळी हलली. "म्हणजे सत्यनारायणाला बायको हात लावते तसा? लग्न केलं नाही म्हणून आता म्हातारपणी तुझी बायको होऊ?" ती बाई भिंतीकडे तोंड करून हसू लागली. मीही हसलो असेन. पण त्याने माझे मनगट धरले होते आणि तो ते सोडत नव्हता.

त्यानंतरचे दिवस मी पोथ्यांत घालवले. समुद्रयान कलियुगात वर्ज्य म्हटले आहे, ते मी नव्याने वाचले. त्याला छेद देणारी मतेही वाचली. आपल्या घरी हल्ली येणाऱ्या तरुण गुरुजींना विचारले तर ते म्हणाले, "काका, मी गेल्याच महिन्यात परदेशात वास्तुशांत करून आलो. थोरल्यांचा अधिकार आहे, त्यांना बसवा." माझी स्वतःची नात समुद्रापलीकडे शिकायला गेली तेव्हा विमानतळावर तिच्या हातावर पेढा मीच ठेवला होता, आणि ती परत आली तेव्हा तिला निराळ्या पाटावर बसवण्याचा विचार माझ्या स्वप्नातही आला नव्हता. तेव्हा शास्त्राने त्याला केव्हाच मोकळे सोडले होते. तुम्ही सोडले नव्हते. प्रश्न उरला होता तो फक्त तुमच्या शब्दाचा. वडिलांच्या शब्दासाठी जो वनात गेला त्याची आपण पूजा करतो, आणि तुमचा शब्द पाळताना माझ्या मनात तेच चित्र असे. एका दुपारी पोथी मिटताना ध्यानात आले, की तो वनात स्वतः गेला होता. तुमच्या शब्दाचा वनवास मी पाळला असे मी म्हणत आलो, भोगला दादाने. मी उठलो आणि उलव्याला फोन करून सांगितले, "तिथीला सकाळी गाडी पाठवतो."

तो आला. लिफ्टमधून त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडला आणि माझ्या दाराशी थांबला. आतून गुरुजी ओरडले, "काका, चपला तिथंच काढा आणि या लवकर, वेळ टळेल!" आणि त्या घाईत, कोणाच्याही स्वागताशिवाय, तो उंबरा ओलांडून आत आला. पाटावर बसणे त्याला शक्य नव्हते. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले. अंगावर जानवे नव्हते, गुरुजींनी नवे घातले. पितृकर्मासाठी ते उजव्या खांद्यावर फिरवताना नाकातली नळी आणि जानवे एकमेकांत अडकले. गुरुजी मंत्र थांबवून उभे राहिले आणि मी ती दोन्ही सूत्रे हलक्या हाताने सोडवली. मग संकल्प. आपण कोणत्या द्वीपात, कोणत्या खंडात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत हे गुरुजी सांगत गेले आणि दादा त्यांच्या मागून एकेक शब्द म्हणत गेला. सगळी पृथ्वी फिरलेला माणूस, आपण कुठे बसलो आहोत, हे आपल्या बापाला मोठ्याने सांगत होता.

पहिला पिंड तुमचा. भात त्याच्या हातात फुटला, पुन्हा वळला, पुन्हा फुटला. मी त्याच्या कोपराला हात लावला. आता कर्म त्याचे होते आणि हात लावणारा मी होतो, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले, पण या वेळी कोणी हसले नाही. तुमचे नाव आणि गोत्र उच्चारताना त्याचा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. तुम्हाला ऐकू गेले की नाही, ते मला ठाऊक नाही. पिंड दर्भावर ठेवला गेला. तो नीट गोल नव्हता.

ब्राह्मण जेवून उठल्यावर घरची पंगत बसली. त्याच्यासाठीही पान मांडले होते, भिंतीकडून पहिले, थोरल्याचे. माझ्या पत्नीने खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळे बोट बोट वाढले. त्याने पानाभोवती पाणी फिरवले, भाताच्या चार शितांच्या चित्राहुती काढून ठेवल्या, आपोष्णाचे पाणी ओठांना लावले आणि हात मांडीवर ठेवून बसला. त्याच्या गळ्यातून एक थेंबही उतरणार नव्हता हे पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत होते. ज्या पंगतीत त्याला घेतले नव्हते तिच्यात तो आला तो घास गिळायची शक्ती संपल्यावर. "खीर आईसारखी झालीय," तो म्हणाला. "वासावरून कळतं." पंगत उठेपर्यंत कोणी उठायचे नसते, म्हणून शेवटचा माणूस ताक पिईपर्यंत तो भरल्या पानासमोर तसाच बसून राहिला. मी तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा वाढणारी माझी पत्नी थबकली, "अहो, पथ्य विसरलात का?" आणि दादा माझ्याकडे वळून पुटपुटला, "किती जेवतोस रे!"

नंतरच्या आठवड्यात तो गेला. पहाटे रुग्णालयातून फोन आला. त्याला अग्नी मीच दिला.

नाना, हे पत्र कुठे पाठवायचे ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असते तरी पाठवले नसते. तुम्ही तो पिंड घेतलात की परत लोटलात, हे विचारण्याचे धैर्य माझ्यात नाही. एक मात्र सांगून टाकतो. श्राद्धात मन पितरांच्या ठायी असावे लागते. त्या दिवशी माझे तुमच्या ठायी नव्हते. मला भूकही नव्हती. मी उठलो असतो तर त्यालाही उठावे लागले असते, म्हणून मी भात मागत राहिलो.

हे अक्षर कधी ज्या कोणाच्या दृष्टीस पडेल त्याचे कल्याण होवो. त्याच्या घरच्या पंगतीबाहेर कोणी राहिले असेल तर नारायण त्यालाही पान देवो, आणि ते त्याच्या गळ्यातून उतरेल अशा वेळी देवो.